समोरचं बाकडं

८ जानेवारी २००७

ही डायरी कांद्याच्या औषधवाल्याने फुकट दिली. दर पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सूचना छापली आहे. आजची सूचना : 'रोगाची पहिली लक्षणे दिसताच उपाय करावा, दुर्लक्ष करू नये.' चांगली सूचना आहे. रोग माझ्या दुकानासमोरच आला आहे, फक्त त्यावर फवारायचं काय ते छापलेलं नाही.

आळेफाट्यावर माझं सायबर कॅफे दोन वर्षांपासून आहे. आठ कॉम्प्युटर, प्रत्येकाला प्लायवूडची वेगळी केबिन, प्रत्येकाला हेडफोन. पोरं निकाल बघायला येतात, फॉर्म भरायला येतात, पण दुकान चालतं ते बंदुकीच्या गेमवर. ज्यात आपण माणसाला बाहेरून बघत नाही, त्याच्याच डोळ्यांनी बघतो आणि समोर फक्त हात आणि बंदूक दिसते, तो गेम. जुन्नर तालुक्यात तो मी आणला. नारायणगावात कोणी म्हणत असेल की त्याने आणला, तर तो खोटं बोलतो.

आज समोरच्या चपलांच्या गाळ्यात 'गोकुळ गेम झोन' सुरू झालं. दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन आणि एस.टी. स्टँडवर असतं तसं एक लांब लाकडी बाकडं. मालक गोकुळ, आहुप्याचा. आहुपे म्हणजे डोंगरातलं पार टोक, मोबाइलची रेंज शोधायला माणूस कड्यावर जातो. तिथून उठून हा भोसरीला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात राहिला आणि आता फाट्यावर येऊन आम्हाला गेम शिकवणार. नारळ फोडायला मला बोलावलं होतं. गेलो नाही. त्याने पेढा पाठवून दिला. खाल्ला. पेढ्याचा काय दोष.

११ जानेवारी

समोर जाऊन पाहणी करून आलो. टीव्हीवर बंदुकीचा गेम खेळणाऱ्यांबद्दल एकदाच स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे रोज चिडायला नको.

कॉम्प्युटरवर माऊस असतो. मनगट जेवढं हलेल तेवढीच नजर हलते. शत्रूचं कपाळ गाठायचं तर ते आपण गाठायचं, चुकलो तर मेलो. प्लेस्टेशनला दोन्ही हातांत धरायचं एक रिमोट असतं आणि त्याच्यावर अंगठ्याने हलवायच्या दोन बुटक्या दांड्या. एका दांडीने चालायचं, दुसरीने बघायचं. हातमोजे घालून सुईत दोरा ओवावा तसलं काम. ते कोणाला जमत नाही हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे, म्हणून गेमच खेळणाऱ्याला गुपचूप मदत करतो. बंदूक शत्रूच्या जवळपास नेली की नेम आपोआप जाऊन त्याच्यावर चिकटतो. म्हणजे पोराने नुसतं तोंड उघडायचं आणि आईने घास भरवायचा. वर हीच पोरं ढेकर देऊन सांगतात, मी मारला.

गोकुळने 'या भाऊ, बसा' म्हणून बाकड्यावरची जागा पुसून दिली. मी उभ्यानेच पाहिलं. एकाच टीव्हीचे मधोमध दोन भाग, वर एकाचा खेळ, खाली दुसऱ्याचा. एकमेकांचं सगळं एकमेकांना दिसतं. मी विचारलं, "मग लपायचं कुठे?"

"लपायचं कशाला भाऊ? दोघं एकाच बाजूनं हायेत की."

असल्या माणसाशी काय बोलणार. चहा आला होता, तोही तसाच ठेवून आलो.

१९ जानेवारी

आज दादांना दुकानातून घरी पाठवलं.

दादा म्हणजे माझे वडील, हौशीराम. डेअरीला दूध घातलं की आळ्याहून चालत फाट्यावर येतात आणि माझ्या काउंटरशेजारच्या खुर्चीत बसून राहतात. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल. दोन वर्षांपूर्वी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कारण आमच्याकडे शर्यतीचे बैल होते. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा जुंपावा तर हौशीरामने, असं जुन्नर-आंबेगावातले लोक म्हणायचे. आमच्या घाटात गाड्यावर हाकायला माणूस नसतो. जुंपणाऱ्याने बैल धरून ठेवायचे, ते दोघं एका पावलात आले की सोडायचे, आणि वर चढावर माणसं घड्याळ लावून सेकंद मोजतात. एवढ्यासाठी लोक आयुष्य घालवतात. मग आमचा डावा बैल पोट फुगून गेला, उजवा दुसऱ्या कोणाशेजारी पळेना, तो विकला. तेव्हापासून दादा रिकामे.

त्या बैलांना रोज दूध आणि अंडी असायची. मी कितवीत आहे हे मात्र दादा आईला विचारायचे. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते आले नाहीत, कारण त्या दिवशी मंचरला घाट होता. आता बैल नाहीत तर त्यांना मी दिसायला लागलो आहे, हे मला कळतं. पण बैलाच्या जागी मी उभा राहणार नाही.

आज मी खेळत होतो आणि दादा मागून बघत होते. म्हणाले, "ऋषा, ह्या माणसाचं पाय कुठं हायेत?"

मी म्हटलं, "नाहीत. दिसत नाहीत."

"मग पळतोय कशानं?"

केबिनमधली पोरं हसली. चार नंबरच्या केबिनमध्ये एक जण टेबलावर हात आपटून हसला. मला मरणाची लाज वाटली. तेवढ्यात दादांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मला शिकीव की रं. कुठं धरायचं?"

दादांचे हात दोरखंडांनी झिजलेले. माऊस त्यांच्या पंज्याखाली दिसलासुद्धा नसता. मी म्हटलं, "दादा, हे तुमच्याच्याने व्हायचं नाही. आणि इथे गिऱ्हाईक येतं. तुम्ही घरी बसत जा." ते उठले. खुर्ची होती तिथे नीट लावून ठेवली आणि गेले. बरं झालं, एकदाचं सांगून टाकलं.

२ फेब्रुवारी

माझे वडील समोरच्या बाकड्यावर बसले आहेत.

हे वाक्य लिहायलाही अर्धा तास लागला. सकाळी शटर वर केलं आणि दिसलं. शेजारी गेणभाऊ, घाटातले त्यांचे जुने जोडीदार. दादा डावा बैल धरायचे, गेणभाऊ उजवा. दोघांच्या हातात दांड्यांची रिमोटं. डोळे टीव्हीवर, तोंडं उघडी. गोकुळ त्यांच्यामागे उभा राहून 'दादा, वाईच डावीकडं... हां, दाबा' असं करत होता. एका गोळीने कोणीतरी मेलं असावं, कारण गेणभाऊंनी टोपी उडवली आणि दादा मोठ्याने हसले.

मी त्यांना हसताना शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही. भर चौकात, धोतर नेसून, दांडीवाल्यांच्या दुकानात! माझ्याच बापाने! एस.टी.ची वाट बघणारी माणसं पिशव्या खाली ठेवून बघत होती.

३ फेब्रुवारी

आईजवळ विषय काढला. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "दादांना काही कळतं का? माझं दुकान समोर आहे. लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "लोक काय म्हनतील ते मला नगं सांगू. तुज्या दुकानात बसाया जागा न्हाई म्हने त्यान्ला."

"आठ खुर्च्या आहेत."

"फळ्या ठोकलेल्या हायेत ना मधी," आई म्हणाली. "फळीपल्याड बसून काय करायचं त्यांनी?"

केबिनचा उपयोग आईला समजावून सांगण्यात अर्थ नाही. लक्ष विचलित होऊ नये म्हणून केबिन असते. जगातल्या सगळ्या चांगल्या कॅफेत असते.

१४ फेब्रुवारी

भारनियमनाने जीव खाल्ला आहे. सकाळी जाते, दुपारी जाते, आली की परत जाते. आठ कॉम्प्युटर म्हणजे जनरेटर लावावा लागतो आणि त्याच्या आवाजात हेडफोन असूनही काही ऐकू येत नाही. गोकुळने ट्रकची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर लावला आहे, त्याच्यावर त्याचे दोन्ही टीव्ही शांत चालू असतात. हा खेळाचा मोठेपणा नव्हे. कंदीलही भारनियमनात चालतो.

माझी पोरं आता वीज गेली की समोर जातात आणि आली तरी तिथेच थांबतात. खेळायला नाही, दादा आणि गेणभाऊंचा खेळ बघायला. बाकड्यामागे दोन रांगा उभ्या असतात. दादा वाईट खेळतात, हे मी इथून, रस्त्यापलीकडूनही सांगू शकतो. पुढे जायला मोकळी वाट असते आणि हे आपले थांबलेले. गेणभाऊ मागून येईपर्यंत हलत नाहीत. गोळ्या संपलेल्या असतात, समोर शत्रू, तरी उभे. एखाद्या चांगल्या खेळाडूने हे बघितलं तर त्याला चक्कर येईल.

आजच्या पानावरची सूचना : 'दोन रोपांत योग्य अंतर ठेवावे.' बघा, कंपनीलासुद्धा कळतं.

२४ फेब्रुवारी

यात्रा कमिटीचे भगवंतराव दुकानात आले होते. यंदा यात्रेत घाटाच्या आदल्या संध्याकाळी पोरांसाठी 'गेमची स्पर्धा' ठेवायची म्हणतात. मंडप, स्पीकर, बक्षीस, सगळं. मी म्हटलं, उत्तम, कॉम्प्युटर माझे. ते म्हणाले, "गोकुळचं टीव्हीबी ठेवू. त्याला बी वाईट नगं वाटाया."

मग मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरवाला आणि प्लेस्टेशनवाला समोरासमोर खेळू शकत नाहीत, मशीनच एकमेकांना जोडत नाहीत. आणि जोडली असती तरी तो खून ठरला असता. भगवंतरावांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मग घाटासारखं करू. घाटात कुठं दोन गाडं एकदम पळत्यात? ज्याची त्याची बारी. एकच टप्पा द्यायचा, आन् घड्याळ लावायचं."

मला हे सुचलं नव्हतं हे कबूल करतो. माझ्याकडे आणि गोकुळकडे एक गेम सारखाच आहे, त्यात कारखान्याचा एक टप्पा आहे. आत शिरायचं, शत्रू मारत शेवटच्या लोखंडी दारापाशी पोचायचं. जो कमी वेळात दार उघडेल तो पुढे. फक्त भगवंतरावांनी त्यात एक मेख मारली : जोडीनेच खेळायचं. त्या टप्प्यात दोघांनाही खेळता येतं, पण मग दार दोघं येऊन उभे राहिल्याशिवाय उघडत नाही आणि एक मेला की दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, एकट्याने खेळू द्या. ते म्हणाले, "एका बैलाचा गाडा असतो व्हय रं?"

एवढ्यात समोरून दादा आले. गोकुळने बातमी दिली असणार. म्हणाले, "आमचं बी नाव घ्या. मी आन् गेणभाऊ."

पोरं टाळ्या पिटायला लागली. माझं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, खेळा. पण एक ठरवू. माझ्या जोडीपुढे हरलात तर पुन्हा त्या बाकड्यावर पाय ठेवायचा नाही."

दादांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "बरं. आन् आमी पुढं गेलो तर?"

"मागा काय पाहिजे ते."

"दिलं?"

"दिलं."

हे चांगलं झालं. यात्रा होईपर्यंत कळ काढायची, मग दादा घरी. मला दुसरं काही नको आहे.

६ मार्च

जोडीदार मिळायला त्रास झाला. कोणाला विचारावं तर परीक्षा आहे, कांदा काढायचा आहे, बहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत. शेवटी निमगाव सावाचा आदेश तयार झाला. पॉलिटेक्निकला आहे, हात चांगला आहे, माझ्याखालोखाल तालुक्यात तोच.

आदेश म्हणाला, "ऋषीभाऊ, मी येतो, पण तुमी मला शिव्या द्यायच्या न्हाईत."

मी कोणाला शिव्या देतो? चुकलं तर चुकलं म्हणून सांगतो.

१५ मार्च

सराव. मी पाच नंबरच्या केबिनमध्ये, आदेश सहामध्ये, मध्ये फळी. मी कारखाना अर्धा साफ करून दारापाशी जाऊन उभा, आणि हा अजून गोदामात. ओरडून सांगावं लागतं. फळीवर मूठ आपटून आपटून माझा हात सुजला. तीन वेळा तो मेला, तिन्ही वेळा पहिल्यापासून. म्हणतो, "तुमी पुढं पळता आन् मागचं सगळं माझ्या अंगावर येतं."

मी म्हटलं, "मी पुढे असतो कारण मी चांगला आहे."

त्यावर तो हेडफोन काढून पाणी प्यायला गेला. त्याला पटलं असावं.

२३ मार्च

सुटे पैसे मागायच्या निमित्ताने समोर डोकावलो. म्हाताऱ्यांचा सराव चालू होता. गेणभाऊंच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, त्यांना पडद्याची एक बाजू नीट दिसत नाही. त्यामुळे दादा कायम त्यांच्या डावीकडून चालतात. आधी मला वाटलं सवय असेल.

दादा पोरांना सांगत होते, "बैल किती पळतो ते नंतर. आधी शेजारच्याचं पाऊल बघायचं. एकानं आधी उचललं की जू वाकडं झालं, मग कितीबी ताकद असू दे, गाडा शेतात."

पोरं माना डोलवत होती. गोकुळसुद्धा. नेम धरता येत नाही म्हणून माणूस कशाकशाचं तत्त्वज्ञान करतो ते बघा. मला पाहून दादा बाकड्यावर जरा सरकले. मी सुटे घेतले आणि आलो.

१२ एप्रिल

काल संध्याकाळी स्पर्धा झाली. आज लिहितो आहे, कारण काल लिहिलं असतं तर पान फाटलं असतं.

मंडप घाटाच्या पायथ्याला. एका टेबलावर माझे दोन कॉम्प्युटर, दुसऱ्यावर गोकुळचा टीव्ही. दोन्हींच्या मागे लोकांना खेळ दिसावा म्हणून प्रोजेक्टरचे मोठे पडदे लावले होते. निवेदक घाटातलाच, ज्याने जन्मात बैलांशिवाय कशाचं वर्णन केलेलं नाही. तो माइकवर म्हणतो, "सावध व्हा! ऋषीशेठचा गाडा जुंपला! माऊस धरलाय! भिर्रर्र...!" एक जण लाल झेंडा खाली टाकतो, दुसरा घड्याळ दाबतो. मी पुण्यात स्पर्धा खेळलो आहे, वातानुकूलित हॉलमध्ये. हे दिवस बघायचे होते.

तर आम्ही सुरू केलं. मी असा खेळलो की तालुक्यात कोणी असं खेळलेलं नाही. एक गोळी, एक माणूस. कारखान्याच्या लोखंडी दारापाशी मी पोचलो तेव्हा निवेदकाचा घसा बसला होता. दारापाशी उभा राहिलो. दार बंद. आदेश नाही. मी ओरडलो, "ये लवकर!" तो गोदामात चार जणांमध्ये अडकला होता. मी ओरडतोय, तो ओरडतोय, आणि मेला. पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मी अजून वेगात गेलो, तेव्हा तो अजून लवकर मेला. तिसऱ्यांदा आदेशने माऊस टेबलावर ठेवला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ऋषीभाऊ, तुमी एकटंच खेळा." आणि मंडपातून निघून गेला.

निवेदक म्हणाला, "ऋषीशेठची बारी बाद."

मी एकटा पुढे जाऊ शकत होतो, पण दार दोघांचं. तिथेच बसून राहिलो. आयुष्यात कधी इतका एकटा बसलो नसेन, आणि समोर हजार माणसं.

मग दादा आणि गेणभाऊ आले. बाकडं घेऊन आले होते! गोकुळच्या दुकानातलं बाकडं, दोघांनी दोन टोकं धरून. खुर्च्यांवर शेजार होत नाही म्हणाले. बसले, खांद्याला खांदा. झेंडा पडला. त्यांचा खेळ म्हणजे बघवत नाही. दोन पावलं टाकायची, थांबायचं. 'आलास का?' 'आलो.' मग पुढची दोन पावलं. एकदा दादांची वाट मोकळी होती, धावले असते तर वेळ वाचला असता. माणसं ओरडत होती, "पळा दादा, पळा!" दादा हलले नाहीत. गेणभाऊंच्या मोतीबिंदूच्या बाजूने एक जण आला, त्याला दादांनी मारला. म्हणजे नेम गेमने धरला, मी आधीच लिहिलं आहे. पण त्या बाजूला बघत दादा होते, एवढं खरं.

एकदाही न मरता दोघं दारापाशी पोचले आणि दार उघडलं. त्यांचा नंबर तिसरा आला. पहिले दोन ओतूरच्या पोरांच्या जोड्यांचे. तिसऱ्या नंबरासाठी लोकांनी असा भंडारा उधळला की मंडप पिवळा झाला. गेणभाऊंना कोणीतरी खांद्यावर घेतलं. दादा गर्दीतून माझ्याकडे बघत होते, पण मी वायरी गुंडाळत होतो.

१३ एप्रिल

दोन्ही कॉम्प्युटर सुरू होत नव्हते. उघडले तर आत पंख्यापासून खालपर्यंत हळद. ब्रशने काढतोय, फुंकतोय, शिंकतोय. माऊसच्या बटणाखालून अजून पिवळं येतं आहे. गोकुळ न विचारता भोसरीहून आणलेला ब्लोअर घेऊन आला आणि दुपारभर बसून दोन्ही मशीन साफ करून गेला. पैसे घेईना. म्हणाला, "आमच्या टीव्हीत बी गेलाय भाऊ. देवाचा हाय, चालायचंच."

मला उपकार नको होते. पण मशीन चालू झाली, हे खरं.

आदेशकडे गेलो नाही. त्याने यायला पाहिजे की मी, हे ठरत नाही.

१८ एप्रिल

दादा अजून काही मागत नाहीत. जिंकल्यापासून रोज जेवताना मला वाटतं आता बोलतील. दुकान बंद कर म्हणतील, किंवा परत बैल घे म्हणतील. शेवटी आज मीच म्हटलं, "दादा, काय ते मागून टाका. मला टांगून ठेवू नका."

त्यांनी ताटातला घास खाली ठेवला. "गेणभाऊ पुण्याला चाललाय. डोळ्याचं आप्रेशन. महिनाभर पोरीकडं ऱ्हानार."

"मग?"

"मग माझी एक बाजू रिकामी हाय. तू ये. एक डाव. तिथंच, बाकड्यावर."

मी म्हटलं, "मी दांडीने खेळत नाही."

दादा म्हणाले, "मी बी खेळत नव्हतो." मग, ताटाकडे बघत, "तुज्या साळंत, तू लहान असताना, मला यायचं व्हतं रं. बैलं सोडून येनं मला जमलंच न्हाई. आता बैलं न्हाईत."

आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. पाठ हलत नव्हती. मी म्हटलं, बघू.

१९ एप्रिल

सकाळी दहाला दुकान तसंच उघडं ठेवून रस्ता ओलांडला. गोकुळने बाकडं पुसलं. या वेळी बसलो.

निष्कर्ष आधी लिहितो : दांडीने नेम धरता येत नाही. मी जे जे लिहिलं होतं ते सगळं खरं निघालं. मी उजवीकडे बघायला जातो तर माझा माणूस आभाळाकडे बघतो. खाली बघायला जातो तर भिंतीला नाक लावून उभा. गेमची मदत म्हणतात ती मला एकदाही मिळाली नाही. मागे उभी असलेली पोरं, त्यातली निम्मी माझी, तोंडावर हात ठेवून हसत होती.

दादा म्हणाले, "वर काय बघतो? पाऊस न्हाई यायचा."

पोरं फुटलीच. मी म्हटलं, "दादा, मला चालताच येत नाहीये."

"पाय कुठं हायेत ते सोधू नको. मला बी अजून घावलं न्हाईत." आणि त्यांचा जड पंजा माझ्या अंगठ्यावर ठेवून त्यांनी दांडी हळू वळवून दाखवली. "असं. वाईच. कासऱ्याला झटका द्यायचा नसतो."

मी पाच-सहा वेळा तरी मेलो. मी मेलो की दादांनाही पहिल्यापासून. त्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही. नुसतं 'चल' म्हणायचे. शेवटी एकदा कसाबसा गोदामातून बाहेर पडलो आणि पुढचा लांब बोळ दिसला. त्याच्या टोकाला ते लोखंडी दार. दादा तिथे आधीच पोचले होते. माझ्या अर्ध्या पडद्यावर त्यांचा माणूस दिसत होता, पाठ दाराकडे आणि तोंड माझ्याकडे.

हे फार चुकीचं आहे. दारापाशी पोचलेल्या खेळाडूने बाजूच्या वाटेवर लक्ष ठेवायचं असतं, तिथून शत्रू येतात. आणि असं उलटं उभं राहायला मुद्दाम दांडी फिरवावी लागते, आपोआप होत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, "दादा, इकडे काय बघताय? वाटेकडे बघा, मराल."

ते म्हणाले, "तू कुठवर आलास ते दिसाया नगं व्हय?"

मी भिंतीला घासत, आभाळाकडे बघत, एकदाचा त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. दार उघडलं. गोकुळने टाळी वाजवली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, टीव्हीच्या फार जवळ बसल्यामुळे येतं.

उद्या दहाला परत जाणार आहे. दांडी किती निरुपयोगी आहे हे एका दिवसात सिद्ध होत नाही, महिनाभर तरी बघावं लागेल. आदेशलाही बोलावलं आहे. आणि संध्याकाळी पाच आणि सहा नंबरच्या केबिनमधली फळी काढून टाकली. हवा खेळत नव्हती.